परत येणारं पाकीट

आपल्याकडे सत्काराची एक रीत आहे. बक्षिसाचं पाकीट हातात पडलं, की कलावंतानं त्यात पदरचे अकरा रुपये घालून ते मंचावरच संस्थेला परत करायचं. टाळ्या पडतात, आणि पाकिटात काय होतं ते कुणीच बघत नाही. मंडळी, या रितीनंच आर्णीच्या वामनरावांचा घात केला.

वामनराव शाळेत मास्तर आणि शास्त्रीय गायन स्पर्धेचे चिटणीस. दोन वर्षांपूर्वी कापसाचे भाव पडले आणि जिनिंगवाल्या देणगीदारानं हात वर केले. तरी यांनी पत्रकावर 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा, पहिलं बक्षीस एकावन्न हजार' छापलंच. पाकीट परतच येणार, मग भरायचं कशाला?

आणि पहिली आली नेपाळची भूमिका थापा. समारंभाला अर्धा तास उरला असताना निजामुद्दीनचाचा वामनरावांना मंडपामागे घेऊन गेले. चाचा तबले दुरुस्त करायचे. भूमिका त्यांच्याच घरी उतरली होती. त्यांनी सांगितलं, आईचे झुमके गहाण ठेवून ती इथवर आली होती, परतीच्या तिकिटालाही दमडी नव्हती, म्हणून पाकीट मिळताच उघडणार होती. आपली रीतबीत तिला ठाऊक नव्हती.

वामनराव हबकलेच. पोरगी पाकीट उघडेल, सारं गाव बघेल, पोलीस येतील! पाकीट रिकामं आहे, तिला तेवढं परत करायला सांगा, म्हणून ते चाचांच्या हातापाया पडू लागले.

"मी नाही सांगणार," चाचा म्हणाले. "मास्तर, आपल्या मनानं परत केलं तं दिलदारी. तुमी रीत करून मागता, ते लुबाडणं हाय. भेव वाटते न? मंग तिनं उघडायच्या आधी तुमीच सांगा."

समारंभ सुरू होताच वामनरावांनी माइक धरला. पाकीट रिकामं आहे, गेल्या वर्षीचंही रिकामंच होतं, असं त्यांनी सांगून टाकलं. भूमिकाचे पैसे मी माझा प्लॉट विकून देईन, असं ते म्हणाले.

मग मागून गेल्या वर्षीचा विजेता, उमरखेडचा गोपाल, उभा राहिला.

"मले त्या पैशाची लय गरज होती, सर. पण सारे पाहून राह्यले होते, म्हणून परत केलं."

वामनरावांनी मान खाली घालून हात जोडले. "तुयंही देणं माह्यावर हाय, बाप्पा."

नागरिकहो, कलावंताला बक्षीस द्यायचं तर ते त्याच्या घरी पोचेल असं द्या. परत घेऊन मिरवणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नका. गोपालनं पाकीट परत केलं, तेव्हा आपणही वाजवल्याच होत्या!