दोन कोयऱ्या

चैत्र आला तो पोफळींच्या माथ्यावरून. सोनसळी, सावकाश, समुद्राच्या श्वासात श्वास मिसळीत. नांदवलीच्या आगरांतला मोहोर ओसरून डहाळ्यांना हिरवे भार आले होते. फणसांच्या बुंध्यांवर काटेरी बाळसे चढले होते. पाटाच्या पाण्यातून आकाश वाहत होते, आणि आकाशात निळे, निवांत, अथांग असे मौन.

चैत्र आला आणि राममंदिरात नवरात्र बसले. सकाळी चौघडा, सांजेला धूप. नवमीला भर माध्यान्ही रामाचा जन्म, आणि जन्माचे कीर्तन श्रीधरबुवांचे. गावाला याहून वेगळे काही ठाऊकच नव्हते. सूर्य माथ्यावर यावा आणि बुवा गादीवर असावेत, इतके ते साधे होते, इतके ते नेमाचे होते.

यंदा मात्र बुवांचा कंठ मिटला होता.

पावसाळ्याच्या अखेरीस गळ्याचे ऑपरेशन झाले. जीव राहिला, आवाज गेला. तो मेघगंभीर, मधाळ, गाभाऱ्यातल्या समईची ज्योत थरारविणारा आवाज. उरली ती नुसती फुंकर. कुणी ओठांशी कान नेला तर शब्द कळत; पण बुवांनी तेवढेसुद्धा कुणाला देणे सोडून दिले. झांजा खुंटीला लागल्या. उपरणे घडी होऊन पेटीत गेले. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बुवा बसत, आणि झोपाळासुद्धा हलत नसे.

गुढीपाडव्याला मृण्मयी आली. परकरात होती तेव्हापासून बुवांच्या मागे उभी राहून झांज धरणारी, त्यांच्या पदांवर वाढलेली त्यांची शिष्या. आता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. जन्माचे कीर्तन यंदा तू कर, असे देवस्थानच्या मंडळींनी तिला सांगितले होते. बुवांच्या पायांशी नारळ ठेवून ती म्हणाली,

“बुवा, मध्यंतराचा हार तुमच्या हातून पडला, तरच उत्तररंगाला उभी राहीन. नाहीतर पूर्वरंगावर आरती करून मोकळी होईन.”

कीर्तनाची ही केवढी गोड रीत आहे पाहा. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण; मग उत्तररंग, त्यात आख्यान. या दोन तीरांच्या मध्ये नामाचा गजर वाहत असतो, आणि त्या गजरात कुणी वडीलधारे उठून कीर्तनकाराला बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात. तो हार म्हणजे आशीर्वाद. तो हार म्हणजे, ने पुढे, आम्ही ऐकतो आहोत.

बुवांनी नारळाकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि तोंड आगराकडे फिरविले.

निर्दय नव्हते हो ते. त्यांच्या आत एक वेडी, ओलसर आशा तेवत होती. गेलेला आवाज एखाद्या पहाटे परत येईल, उंबऱ्याशी उभा राहील, हाक मारील. आपल्या हाताने तिला हार घातला तर त्या आवाजाने परतावे कुठे? त्याची जागाच आपण देऊन टाकली, असे होईल.

मृण्मयी गेली. नारळ तिथेच राहिला. बुवांच्या पत्नी, सुहासिनीकाकू, दाराआडून हे सारे पाहत होत्या. त्या मागे वळल्या. त्यांच्याजवळ त्यांचा कागद होता.

काकूंचा कागद म्हणजे काय सांगावे. आकाशी कागद, अबोली कागद, केतकीच्या पिवळ्या रंगाचा, हळदीच्या अंगाचा, दवाने भिजल्यासारखा मऊ. मुलाने नाशिकहून त्यांना एक यंत्र पाठविले होते. दोन पोलादी रूळ, बाजूला एक दांडा. हव्या त्या आकाराचा धारदार साचा कागदावर ठेवायचा, वरखाली दोन पाट्या, आणि दांडा फिरवीत सगळे रुळांतून सरकवायचे. कर्रकन दाब पडे, आणि पलीकडून कागदाचे कमळ निघे, मोर निघे, जास्वंद निघे. बारशाला, मुंजीला, वाढदिवसाला अशी शुभेच्छापत्रे काकूंकडून नेण्याची आता गावाला सवयच झाली होती.

यंत्र प्रथम ओसरीवर मांडले, तेव्हा शेजारचे भिकूभावजी कुंपणावरून डोकावून म्हणाले होते, “वहिनी, एक ग्लास द्या. आलं-लिंबू घालून, बर्फ कमी.” तेव्हापासून साऱ्या आळीत त्याचे नाव ‘चरक’ पडले. उसाच्या चरकाची ती धाकटी बहीण, रसाऐवजी रंग गाळणारी.

यंदा देवस्थानने काकूंना कोयऱ्या सांगितल्या होत्या. कोयरीच्या आकाराची, घडी उघडली की आत रामजन्माच्या शुभेच्छा, अशी कार्डे. पाळण्याशी येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर सुंठवड्याच्या पुडीबरोबर एकेक ठेवायचे. काकू हरखल्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि उजवे मनगट मुरगळले.

मनगटाला हळद-लेपाची पट्टी. दांडा फिरेना. नवमी तर दारात.

एके दुपारी, उन्हे अंगणात मांजरासारखी निजलेली असताना, यंत्र उचलवेना म्हणून काकूंनी ते चौरंगासकट ओढत झोपाळ्याजवळ आणले. विनवणी केली नाही. हळदीच्या रंगाचा कागद दुमडला, त्यावर साचा ठेवला, पाट्या लावल्या, दांडा बुवांच्या बाजूला केला आणि म्हणाल्या,

“घसा लागत नाही याला. हात लागतो.”

वारा झाला. एक सुकी झावळी गळाली. मग बुवांचा हात, इतके महिने मांडीवर परक्यासारखा पडलेला हात, उठला आणि दांड्यावर टेकला.

कर्र. कट्. दांडा फिरला, पाट्या सरकल्या, आणि हळदीच्या कागदातून हळदीची कोयरी जन्मली. नाजूक, नतमस्तक, शेंड्याशी किंचित वळलेली.

कर्र. कट्. कर्र. कट्. पहिल्या दिवशी हात अडखळला. दुसऱ्या दिवशी सावरला. तिसऱ्या दिवशी काकूंच्या ध्यानात आले की दांडा आता नुसता फिरत नाही, लयीत फिरतो आहे. विलंबित उठतो, मध्यात रमतो, द्रुतात धावतो, आणि समेवर कोयरी पडते. कंठ मिटला होता. लय मिटली नव्हती. ती मनगटात, बोटांच्या पेरांत, खांद्याच्या सांध्यात लपून बसली होती, जमिनीखालच्या झऱ्यासारखी. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि उगाच कागदाची धूळ गेल्याचे निमित्त केले.

कोयऱ्या साचत गेल्या. हळदी, अबोली, केतकी, आकाशी. टोपलीत जणू आंब्याचे एक झाड उतरून आले.

अष्टमीला संध्याकाळी बुवांनी स्वतःच कागद दुमडला, स्वतःच साचा ठेवला. द्रुत लयीच्या भरात दांडा फिरला. कोयरी उचलली, तर ती उघडेना. उघडण्याजोगे तिच्यात काही नव्हतेच. बोटांतून दोन सुट्या पानांसारख्या दोन कोयऱ्या निसटल्या.

“अहो, घडी कापलीत की,” काकू म्हणाल्या. मग पुन्हा एकदा समजावून सांगितले. दुमडलेली कड पात्याच्या रेषेच्या जराशी आत राहू द्यायची. तिथे पाते कागदाबाहेर पडते, तेवढी कड वाचते, आणि त्या वाचलेल्या कडेवर दोन पाने धरून राहतात. सगळेच पात्याखाली सरकवले तर कार्ड राहत नाही, दोन तुकडे होतात. आणि हसू दाबीत त्यांनी पुढे जोडले, “जन्मभर लोकांना सांगत आलात, देवाशी जोडलेले राहा म्हणून. एवढीशी घडी राखता नाही आली होय तुम्हांला.”

बुवा हसले नाहीत. चौरंगावर ते दोन तुकडे पडले होते, रंगाची बाजू वर आणि समोरासमोर. एकीचा शेंडा डावीकडे वाकलेला, दुसरीचा उजवीकडे. एकाच पात्याने, एकाच क्षणी, एकाच कागदातून सुटलेल्या. अशा सुटल्या होत्या की जणू एकमेकींना वाकून नमस्कार करीत होत्या. एकीने दुसरीची जागा घेतली नव्हती.

काकूंचा डावा हात त्या रद्दीत टाकायला पुढे झाला. बुवांचा हात मध्ये आला. त्यांनी त्या दोन्ही उचलल्या, आणि ते आत जाऊन निजले.

नवमीची सकाळ गुलालासारखी उजाडली. काकूंनी टोपली भरली, निळे इरकल नेसल्या, दारात थांबल्या. झोपाळ्यावर बुवा पाठमोरे होते. काकू एकट्याच निघाल्या, आणि पुळणीवरच्या वाटेला त्यांची पावले एकेरी उमटत गेली.

मंदिर माणसांनी ओसंडले होते. नारदांच्या गादीवर मृण्मयी उभी राहिली. अंजिरी नऊवारी, कपाळी चंद्रकोर, हातात झांजा आणि गळ्यात धाकधूक. पण नमन झाले आणि धाकधूक वितळली. पूर्वरंग असा रंगला की सभामंडपातले खांबसुद्धा ऐकू लागले. तरी तिच्या नजरेचे पाखरू पुन्हा पुन्हा महाद्वाराकडे उडत होते, आणि रिकामे परतत होते.

पूर्वरंग संपला. मध्यंतर आले. नामाचा गजर सुरू झाला.

तबकात मोगऱ्याचा हार, शेजारी बुक्क्याची वाटी. गजर एकदा झाला, दोनदा झाला, वर चढला, खाली आला. हार उचलायला कुणी येईना. देवस्थानचे प्रमुख आबा खोत घड्याळाकडे, मग उन्हाकडे पाहू लागले. अखेर तेच तबकाशी गेले, आणि गजराच्या आडून तिच्याशी कुजबुजले,

“बाय माझे, सूर्य काय तुझ्यासाठी थांबायचा नाही. वाक बघू.”

मृण्मयीची मान वाकली नाही. ती गातच राहिली. डोळे भरून आले, सूर भरून आला, नाम भरून आले. पेटीवाले बावरले, तबलजी घामेजले, बायकांच्या रांगेत काकूंनी टोपली छातीशी धरली. माध्यान्ह पायरी पायरीने जवळ येत होता. गजर विरला तर आरती होणार होती, आणि राम जन्माच्या कथेवाचून जन्माला येणार होता.

आणि महाद्वाराशी गर्दी दुभंगली.

शुभ्र धोतर, पेटीतून काढलेले उपरणे, पायांना पुळणीची ओली वाळू. श्रीधरबुवा आले. गावाने वाट दिली, गजराने वाट दिली, आबा खोतांनी हातातला हार निमूट त्यांच्या हातात दिला.

बुवांनी मृण्मयीच्या कपाळी बुक्का लावला. हार घातला. मोगरा तिच्या श्वासाला लागला. मग त्यांनी तिच्या तळहातावर हळदीच्या रंगाची एक कोयरी ठेवली, कोरी, घडीशी सुटलेली. तिला काही उमजेना. तेव्हा त्यांनी दुसरी काढली, स्वतःच्या तळहातावर धरली आणि हात तिच्या हाताला भिडवला. दोन कोयऱ्या समोरासमोर वाकल्या.

मृण्मयीला हुंदका आला. ती पायांशी वाकली. आणि त्याच वेळी बुवाही वाकले, खाली, तिच्या पावलांपर्यंत. कारण गादीवर जो उभा असतो त्याच्या ठायी नारद उभे असतात, आणि नारदांपुढे गुरूनेही वाकायचे असते. साऱ्या मंडपाने पाहिले. पिकलेले मस्तक आणि काळेभोर मस्तक, दोन्ही एकमेकांसमोर नत.

उठताना तिचा कान त्यांच्या ओठांशी आला. इतक्या महिन्यांची कोंडलेली ती फुंकर सुटली.

“आता तू सांग. मी ऐकतो.”

आपली कोयरी उपरण्याच्या गाठीत बांधून बुवा मागे झाले. आयुष्यात प्रथमच ते श्रोत्यांत बसले, भिकूभावजींच्या मांडीला मांडी लावून. “सरका जरा, बुवा आलेत,” भावजी शेजाऱ्याला म्हणाले, आणि स्वतःचेच नाक उगाच शिंकरले.

मग काय वर्णावे. उत्तररंग उसळला. अयोध्येचे रस्ते शिंपले गेले, शरयू हसली, कौसल्येच्या दालनात समया उजळल्या. बुवांचीच चाल, बुवांचीच खटके घेण्याची ढब, आणि तरी त्यात एक नवी, निखळ, त्यांनाही न सुचलेली हरकत. ती आली तेव्हा बुवांची मान डोलली. आपला आवाज परतला की नाही, हे त्या क्षणी त्यांच्या मनातही नव्हते. ते ऐकत होते. ओठ हलत होते निःशब्द, आणि साऱ्या गावाच्या कंठांतून नाम उमटत होते.

सूर्य माथ्यावर आला. राम जन्मला. गुलाल उडाला, घंटा घणघणल्या, शंख गहिवरले.

बायका पाळण्याकडे लोटल्या. सुंठवडा वाटला जाऊ लागला, हातोहाती रंगीत कोयऱ्या उघडू लागल्या. काकूंनी पाळण्याची दोरी धरली, दरवर्षी पहिला झोका त्यांचाच. पण दुखरे मनगट आडवे आले. दोरी ताणली गेली आणि पाळणा हलला नाही.

तेव्हा त्यांच्या हातावर एक हात आला. बोटांच्या फटींत हळदी कागदाचे बारीक कण अजून चिकटलेले. बुवा इतकी वर्षे रामजन्म सांगत आले होते. त्या जन्माला त्यांचा हात कधी लागला नव्हता.

दोरी सैलावली. पाळणा गेला, पाळणा आला. गेला, आला, गुलालाच्या धुक्यात, मोगऱ्याच्या गंधात, विलंबित लयीत, गेला, आला.