खाली ठेवलेला कप

डिझेलच्या टाकीत बोट बुडवून किसनने ते अंगठ्यावर चोळलं आणि सकाळीच त्याच्या तोंडून एक सणसणीत कोकणी शिवी बाहेर पडली. बोटाला वाळू लागत होती. मघाशी विहिरीवरच्या पंपाचं इंजिन खोकून बंद पडलं होतं ते उगाच नव्हतं.

"कोणी घातली रे?" गनीने विचारलं. गनी खेडचा. आठवड्यातून एकदा तो खोर फक्कान या अरबी बंदरातून पिकअप घेऊन डोंगरात यायचा. डिझेल, तांदूळ, आणि कुणी गावाहून आलं असेल तर किसनच्या घरची कॅसेट.

"मला काय ठावं? वरचे म्हणणार खालच्यांनी, खालचे म्हणणार वरच्यांनी."

"आणि आजच दुपारी विहिरीवरून दोघांची मिटिंग. खलास! आज इथे डोकी फुटणार बघ."

किसन पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याला सांगितलं होतं, तुझं काम वादीत आहे. संगमेश्वरकडच्या माणसाने त्यातून आपली वाडी ऐकली, आणि गंमत म्हणजे फारसं चुकलं नाही. अरबीत वादी म्हणजे डोंगरातली दरी. त्या दरीत एक वस्ती वर होती, एक खाली. खजुरांची झाडं, बकऱ्या, दगडी बांध, एकमेकांवरचा राग, सगळं गावच्यासारखंच. किसनने त्यांना मनातल्या मनात वरची वाडी आणि खालची वाडी अशी नावं देऊन टाकली. मराठीत वादी म्हणजे कोर्टात दावा लावणारा, हेही त्याला लवकरच आठवलं. कारण दोन्ही वाड्यांच्या मधोमध विहीर होती, आणि विहिरीवरूनच हद्द जात होती.

आजचे म्हातारे तरुण होते तेव्हा या विहिरीवर बंदुका चालल्या होत्या. खालच्यांचा म्होरक्या खल्फान, त्याचा भाऊ त्यात गेला. वरच्यांचा म्होरक्या मतर, त्याच्या मांडीत गोळी बसली, तो अजून लंगडतो. मग कुणी गोरा साहेब उंटावर बसून आला, म्हणे, आणि हे झाड कुणाचं, तो दगड कुणाचा असं विचारत कागदावर रेघ मारून गेला. वरची वाडी एका अमिरातीत, म्हणजे एका शेखच्या राज्यात पडली, खालची दुसऱ्या. तेव्हापासून मतर आणि खल्फान एकमेकांशी बोलले नव्हते. विहिरीवर पंप बसला तेव्हा प्रश्न आला, चावी कुणाच्या हातात? वरच्याला खालचा चालेना, खालच्याला वरचा. म्हणून खोर फक्कानच्या बंदरात हमाली करणारा, गावी भाताच्या गिरणीवर इंजिन सांभाळलेला एक परका माणूस शोधून आणला. दोघांचाही नाही, म्हणून दोघांना चालला. त्याचा व्हिसा मतरच्या नावावर आणि खोली खल्फानच्या जमिनीत. सकाळचं पाणी वर जायचं, संध्याकाळचं खाली. अकरा वर्षं किसनने एका थेंबाची फिरवाफिरव केली नव्हती.

टाकी रिकामी करून, नळ्या फुंकून त्याने इंजिन पुन्हा चालू केलं, पण त्या घाईत त्याचा उजवा तळवा तापलेल्या सायलेन्सरवर टेकला. कातडी पांढरी पडली. गनीने त्याला खोलीत नेऊन तळव्यावर टूथपेस्ट थापली, वर जुन्या बनियनची पट्टी बांधली.

"बस जरा गप. किती येरझाऱ्या घालशील?"

"कॅसेट आणलीस का?"

गनीने खिशातून काढून दिली. किसनने डाव्या हाताने टेप लावला. आधी खरखर, मग कोंबडा, मग आशाचा आवाज.

"अहो, ऐकताय ना? आम्ही बरे आहोत. प्रज्ञा आता सगळं बोलते. टेपरेकॉर्डरलाच बाबा म्हणते. परवा तुमची कॅसेट मध्येच संपली, तर मला म्हणते, आई, हळू बोल, बाबा झोपला. मी हसले आधी, आणि मग..." इथे पुन्हा कोंबडा आरवला. "या वेळी कॅसेट पाठवू नका. तुम्ही या."

किसनने टेप बंद केला. तो शेवटचा गावी गेला त्यानंतर प्रज्ञा झाली. आता तिला चौथं लागलं होतं. पोरीने त्याला पाहिलं नव्हतं, त्याने तिला फोटोत तेवढं.

रजा त्याने मागितली नव्हती असं नाही. मतर म्हणायचा, जा की, पण बदली माणूस कोण? मतरने पठाण सुचवला तर खल्फान म्हणायचा, तो वरच्यांचा. खल्फानने बंगाली सुचवला तर मतर म्हणायचा, तो खालच्यांचा. पासपोर्ट मतरच्या पेटीत. किसनवर दोघांचा एवढा विश्वास होता की त्याला कुणी सोडेना. असला विश्वास शत्रूवरही कुणी ठेवू नये, असं त्याला हल्ली वाटायला लागलं होतं. झोपेत इंजिनाचा आवाज यायचा, जाग आली की तो थांबलेला असायचा, आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही.

"आज विचार पुन्हा," गनी म्हणाला.

"आज? आज त्यांना माझी पडलीय?"

दुपारची नमाज झाल्यावर विहिरीजवळच्या बोरीखाली चटया पडल्या. एका बाजूला वरचे, दुसऱ्या बाजूला खालचे, मध्ये हातभर उघडी जमीन. कॉफीच्या किटल्याही दोन. मतरचा नातू जमाल शहरातून आला होता. त्याने कुंपणाच्या तारेची भेंडोळी आधीच आणून मतरच्या अंगणात रचून ठेवली होती.

"सरकारच्या नवीन मोजणीत विहीर आमच्याकडे येते," जमाल म्हणाला. "तार लावू, भांडण खलास."

"तार लावायला येईल त्याने आईचा निरोप घेऊन यावं," खालून एक जण ओरडला.

"वाळू कुणी घातली ते आधी सांगा!"

"तुम्हीच घातली, आमच्यावर ढकलायला!"

दोन पोरं उठून उभी राहिली. मतर आणि खल्फान तेवढे बसून होते, एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे बघत. मग कुणीतरी म्हणालं, किसनला बोलवा, त्याने काय पाहिलं ते सांगू दे.

किसन आला. अकरा वर्षांत तो या लोकांच्या बैठकीत कधी बसला नव्हता. पंपावर मात्र कॉफी रोज यायची, आणि तो उभ्या उभ्या प्यायचा. पहिल्या आठवड्यात तर फार हाल झाले होते. रिकामा कप नुसता परत केला की माणूस पुन्हा भरायचा, हा पुन्हा प्यायचा. पोटात आग पडली तेव्हा गनीने शिकवलं, बस झालं की कप हलवायचा. त्यानंतर किसन कप असा हलवायचा की वाड्यांमधल्या बायका हसायच्या.

त्याला मधल्या उघड्या जमिनीवर बसवलं. कुणाच्या चटईवर बसवायचं हाही प्रश्नच होता. मागे दुभाषा म्हणून गनी. भांडण चालू असलं तरी आलेल्याला कॉफी द्यायचीच. वरच्यांच्या माणसाने कप पुढे केला, आणि आपण मागे नको म्हणून खालच्यांच्या माणसानेही केला. त्या कपांना कान नसतो. किसनचा उजवा हात भाजलेला, आणि डाव्या हाताने घेणं बरं दिसलं नसतं, प्रसादालाही कुणी डावा हात पुढे करत नाही. त्याने कसेबसे पट्टीवर दोन्ही कप घेतले, चटका मस्तकापर्यंत गेला, आणि निवेपर्यंत राहू देत म्हणून त्याने ते समोर जमिनीवर ठेवून दिले.

बोलणं थांबलं. उभी असलेली पोरं खाली बसली. जमालसुद्धा गप्प झाला. सगळे त्या दोन कपांकडे बघत होते.

किसनच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं रे?" त्याने मान न वळवता विचारलं.

"उचलू नको!" गनी कुजबुजला. "पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. देतो म्हटल्याशिवाय तो पीत नाही. आणि न देणं म्हणजे घराण्याला बट्टा."

"अरे, हात भाजला म्हणून ठेवला मी!"

"ते आता कुणाला सांगू नको."

"हा तर नोकर आहे," जमाल म्हणाला.

"इथे बसला तो पाहुणा," मतर म्हणाला. मग त्याने किसनकडे पाहिलं. "माग."

"माग," पलीकडून खल्फानही म्हणाला.

किसनने वर मतरच्या अंगणातल्या तारेकडे पाहिलं. एखाद्या मोठ्या मनाच्या माणसाने या वेळी तार लावू नका असं मागितलं असतं, आणि वादीत त्याचं नाव राहिलं असतं. किसनच्याही डोक्यात ते येऊन गेलं, नाही असं नाही. पण त्याच्या कानात मघाचा कोंबडा आरवत होता. त्याच्या अरबीत क्रियापदं नव्हतीच. तो म्हणाला, "मुलगी. घर. एक महिना."

आपण फार क्षुल्लक काहीतरी मागितलं असं त्याला वाटलं, आणि त्याने लाजून मान खाली घातली.

"दिलं," मतर म्हणाला.

"मीही दिलं," खल्फान लगेच म्हणाला. तो मागे कसा राहणार?

पंचाईत काय झाली ते दोघांच्या मग लक्षात आलं. शब्द तर गेला होता. महिनाभर चावी कुणाकडे? मतरने कित्येक वर्षांत पहिल्यांदा खल्फानच्या डोक्यावरून नव्हे, तोंडाकडे पाहिलं. सूर्य डोंगरामागे गेला तरी दोन्ही चटया बोलत होत्या. वाळू कुणी घातली हे विचारायचं सगळे विसरले. शेवटी ठरलं: पंपाच्या खोलीला दोन कुलुपं. एकाची चावी वर, एकाची खाली. दोन्ही आल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि किसन परत येईपर्यंत तार नाही, मोजणी नाही, काही हलवायचं नाही. मग किसन दोन्ही कप प्यायला. कॉफी गारढोण झाली होती.

गावी प्रज्ञा आधी दारामागे लपली. दुसऱ्या दिवशी जवळ आली आणि त्याच्या सदऱ्याचं बटण दाबून बघू लागली.

"असं नाही गं," आशा म्हणाली.

"बोल," प्रज्ञाने किसनला हुकूम सोडला. तो तिचं बोट बघत राहिला. पोरीने दुसरं बटण दाबलं. तेव्हा तो बोलला, आणि महिनाभर बोलत राहिला. निघताना त्याने आशाला सांगितलं, अजून तीन वर्षं, घरावर स्लॅब पडला की कायमचा येतो. प्रज्ञा एसटीमागे धावली. या वेळी तिला तो टेपमध्ये नको होता.

शारजाच्या विमानतळावर गनी घ्यायला आला होता. डोंगर लागेपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "किसनभाऊ, एक सांगू? तुझ्या पंपावर आता म्हातारेच बसतात."

"कोण म्हातारे?"

"मतर आणि खल्फान. पोरांवर भरवसा नाही ना, मग दोघं स्वतःच चाव्या घेऊन येतात. पहिल्या दिवशी पाठीला पाठ लावून बसले. पण इंजिन तापेपर्यंत करणार काय? एक दिवस मतरची कॉफी संपली. खल्फानने आपली दिली. आता नुसत्या गप्पा. कोणाची उंटीण कुठे पळाली होती, कोणाच्या लग्नात काय झालं. त्या जुन्या मारामारीवरसुद्धा बोलतात, म्हणतात."

"आणि इंजिन?"

"खोकतं. पण चालतं."

किसन खिडकीत हात ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा.

ते पोचले तेव्हा पाणी खालच्या वाडीकडे चाललं होतं. इंजिनाचा आवाज ऐकूनच किसनला कळलं, फिल्टर कुणी साफ केलेला नाही. दाराला दोन कुलुपं उघडी लटकत होती. बोरीखाली एकच चटई होती, आणि तिच्यावर एकच किटली. दोघं म्हातारे तिच्या दोन बाजूंना बसले होते.

त्यांनी त्याला बसवलं. मुलीची चौकशी केली, बायकोची केली. किसन परत आला होता, आणि तो परत आला की काय काय पुन्हा सुरू व्हायचं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. चावी एका हातात गेली की या दोघांना रोज इथे यायचं कारण उरणार नव्हतं, आणि त्याने ती घेतलीच नाही तर तो परत आला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. मतरच्या अंगणात तारेची भेंडोळी अजून तशीच होती. एक बकरी त्यांना अंग घासत होती.

मतरने कप भरला आणि किसनच्या हातात दिला. हात आता बरा झाला होता, तळव्यावर गुलाबी डाग तेवढा राहिला होता. कप देऊनही मतरने बोटं लगेच सोडली नाहीत. खल्फानही त्या कपाकडेच बघत होता. दोघेही वाट बघत होते. अकरा वर्षांच्या पाण्याचं किसनचं त्यांच्यावर ऋण होतं, आणि ते फेडायला दोघे तयार होते.

"ठेव खाली," मागून गनी मराठीत म्हणाला. "येड्या, ठेव खाली. नोकरी मागून घे."

किसनला घरावरचा स्लॅब आठवला. अजून तीन वर्षं, असं तो आशाला सांगून आला होता. इंजिन पुन्हा खोकलं, आणि त्याचा हात नकळत थोडा खाली गेला.

मग त्याने काही न मागता कप तोंडाला लावला आणि कॉफी गरम होती तरी एका घोटात पिऊन टाकली.

मतर किटली घेऊन थांबला होता. किसनने रिकामा कप हलवला. पूर्वी बायका हसायच्या तसा नव्हे, अगदी हळू. मतरने तो परत घेतला आणि पुन्हा भरला नाही.