म्हसोबाच्या गळ्याएवढं पाणी

"अवो, म्हशी सोडा म्हणते मी!" जयाबाई तिसऱ्यांदा वरडली.

"खांबावर किती हाय ते बघ आदी," भरमू म्हणाला. "साडेचार फूट. सुरक्षित."

आणि त्या वक्ताला वेदगंगेचं पाणी त्येच्या परसातल्या शेणीच्या ढिगाला लागलं होतं. मी शेजारी, म्हणून डोळ्यांनी बघितलं. आमची घरं नदीकडच्या आळीला, गावातली सगळ्यात खालची.

भरमू आदी सादा गडी. तंबाकू लावायची, दोन म्हशी पाळायच्या, बाकी कुणाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय. पर दोन वर्सांमागं सरकारानं त्येला पूरमित्र केलं, आणि गडी कामातनं गेला. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, खिशात शाळेची चावी. आंगुळीपुरतं जाकीट उतरायचं, तेबी कुरकुर करत.

ह्येचं मूळ सांगतो. नदीच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. भरमूची थोरली भन शालूबाई पल्याडच दिलीय. ती चुलीवर काय शिजवतीया ते वाऱ्यासंगट हिकडं कळतं. दर पुराला दोन्हीकडची वाट लागती, म्हणून दोन्हीकडच्या सायबांनी एकत्र बसून सीमेपलीकडचं पर्यावरण सहकार्य करायचं ठरवलं. बैठका लई झाल्या. फलक कुठल्या भाषेत लावायचा ह्यावर तीन झाल्या, पाण्यावर च्या आणि बिस्किटं संपंस्तवर एक झाली.

शेवटाला दोन्ही काठांवर एकेक खांब आला. एकाच कारखान्यातले, जुळे भाऊ. बुडाला शून्य, अठरा फुटाला लाल पट्टा. लाल पट्ट्याला पाणी लागलं की पूरमित्रानं शिट्टी मारायची, शाळा उघडायची, माणसं-जनावरं वर न्यायची. त्येच्या आदी शिट्टी मारली तर अफवा पसरवली म्हणून नोटीस.

पल्याडचा खांब त्यांनी नीट पात्रात रोवला. आमच्या सायबाला मातूर घोर पडला, की नदीत रोवला आणि उद्या मोजणीत खांब दुसऱ्या राज्यात निघाला तर? नोकरी जायची. म्हणून त्येनं दरडीवर, चांगला चढ बघून रोवला. झालं! एकाच नदीचं पाणी पल्याड अठरा फूट, तर आमच्यात साडेचार. आमच्या खांबाचा लाल पट्टा भिजायचा म्हंजे शाळेवरची कौलंबी बुडाया पायजेत. कुणी इचारलं का? छ्या! उलट गावाची छाती फुगली. "तुमची नदी माजलीया आक्का, आमची बघ कशी शिस्तीत हाय," म्हणून भरमू भनीला फोनवर चिडवायचा.

त्येच्या आदी आमचा खांब म्हंजे म्हसोबा. नदीच्या मधोमध खडकावर बसलाय, दोन्ही गावांचा एकच. आज्या-पणज्यापास्नं कायदा ठरलेला: म्हसोबाच्या गळ्याला पाणी लागलं की दावी सोडायची. दोन्ही काठांवर हलगी एकदमच वाजायची. पर देवाच्या अंगावर आकडे न्हाईत, मग त्येला कोण इचारतोय? त्या दिवशी म्हसोबा टाळूसकट पाण्याखाली हुता आणि आमी खांब वाचत हुतो.

एवढ्यात शालूबाईचा फोन आला.

"भरम्या, मुडद्या, आमच्यात लाल लागलं! आमी वर निघालो. म्हशी सोडल्यास का?"

"आक्का, तुमच्यात पूर आसंल. आमच्यात न्हाय."

"आरं, नदी एकच हाय न्हवं?"

"नदी एक आसंल. खाती दोन हाईत."

जयाबाईनं कपाळावर हात मारला. "आन् तिकडचा पूर आपल्या गोठ्यात शिरला तर? परवाना मागायचा त्येला?"

भरमूनं मग सायबाला फोन लावला. सायब म्हणाले, लाल पट्टा भिजंस्तवर काय बी करू नका. पल्याडनं पत्र निघालं आसंल तर त्ये मुंबईवरनं बेंगळूरला, तिथनं बेळगावला आणि मग निपाणीला यील, आलं की कळवतो. भरमूनं जाकिटाची चेन वर वडली. "आयकलंस?"

जयाबाई गोठ्याच्या दारात उभी ऱ्हायली. पाणी तिच्या घोट्याला लागलं हुतं.

"मागल्या पुरात माजी चांदी दाव्यालाच बुडाली," ती म्हणाली. "दाव्याची गाठ भिजून फुगली, माज्या हातानं सुटली न्हाय. सकाळी नुसती शिंगं वर हुती. तवा तुमी म्हणालावता, आजून येळ हाय." तिनं आतल्या म्हशीकडं बोट केलं. "ही गाभण हाय. हिला मी खांबावर सोडायची न्हाय."

तिनं आढ्याचा इळा काढला आणि कच्चकन दोन्ही दावी कापली. मग भरमूच्या म्होरं आली, त्येच्या गळ्यातली शिट्टी हिसकली आणि अशी फुकली, की आख्खी आळी भाईर आली.

"अगं, नोटीस यील!"

"येऊ दे की. पवत यावं लागंल तिला. चावी द्या."

भरमू माज्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, "दे बाबा, तिच्या हातात इळा हाय." दिली.

दिवस मावळायच्या आदी आळीत छातीएवढं पाणी आलं. शाळेच्या वट्यावरनं आमी बघत हुतो. भरमूच्या गोठ्याची भिंत आधी वाकली, मग बसली. भरमू गाभण म्हशीच्या पाठीवर हात ठिवून बसला, आणि डोळ्याला जाकिटाची बाही लावत ऱ्हायला. खांब तवा नऊ फूट दावत हुता. सुरक्षित.

तिसऱ्या दिवशी सायब आले. एकबी जीव गेला न्हाय हे आयकून लई खूश झाले. सहकार्य यशस्वी म्हणून त्यांनी पल्याडच्या सायबाला फोनवर शाबासकी दिली, त्येनं ह्यांस्नी दिली. मग भरमू गोठ्याचा पंचनामा करा म्हणाला, तर सायब म्हणाले, "कसा करू? नोंदीप्रमाणं तुमच्यात पूरच आला न्हाय."

"मग त्यो खांब तरी खाली घ्या," जयाबाई म्हणाली.

"दोन्ही राज्यांची संयुक्त मंजुरी लागते, बाई. सरकारी वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

जयाबाई गप बसली. ती गप बसली की मला भ्या वाटतं.

त्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरत उतरत म्हसोबाच्या गळ्याला आलं. जयाबाई वाटीत तेल-शेंदूर कालवून खांबापाशी गेली. पल्याडच्या खांबाला नाव लावून शालूबाई. दोघींच्या कानाला फोन.

"वन्सं, आलं बघा गळ्याला. लावा!"

दोघींनी एकदमच, पाण्याच्या कडंला, चार बोटं रुंद शेंदूर माखला. पल्याड सोळा फुटावर, आमच्यात अडीच फुटावर. सायबांस्नी दोन वर्सांत जमलं न्हाय ते पाण्यानंच करून दिलं. त्येला राज्य कळत न्हाय, पर ते सपाट ऱ्हातं. मग दोघींनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आठवड्यात कुणी लिंबू बांधलं, कुणी नवस बोललं. आवसंच्या आवसंला म्हसोबाचा निवद खांबाला बी जाय लागला.

औंदा मे महिन्यात सायब परत आले. संगं रंगाचा डबा आणि कागद: सरकारी खांबावरची अनधिकृत खूण पुसणे.

भरमू जाकीट घालून म्होरं झाला. हातात वही.

"पुसा की सायब," त्यो म्हणाला. "मी न्हाय म्हणत न्हाय. पुसणाऱ्याचं म्होरं काय हुतंय, तेवढं नोंद करायला बसतो."

सायबांनी खांबाकडं बघितलं. शेंदूर, हार, उदबत्तीचा धूर. ड्रायव्हरनं तवर चपला काढून हात जोडलेवते. सायबांनी डबा खाली ठिवला. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच बुटाची नाडी सोडाय लागले.

मागनं जयाबाई म्हणाली, "सायब, नारळ आणलाय न्हवं?"