छबुबाईंनी कोरम भरला

छबुबाई नगरपंचायतीवर निवडून आल्याला दोन वर्षं झाली होती. सभा त्यांनी एकही चुकवली नव्हती, पण सभागृहात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. वेळेवर यायचं, सही करायची, गटनेते सुंदरराव हात वर करतील तेव्हा आपलाही करायचा, चहा प्यायचा आणि घर गाठायचं.

मार्चमधल्या सभेला मात्र सुंदररावांनी आत पाऊल टाकायचं नाही असं सगळ्या गटाला बजावलं. विषय होता आठवडी बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह बांधायचा. नगराध्यक्षा राजनंदिनी दुसऱ्या गटाच्या; काम झालं तर नाव त्यांचं होणार. त्यांच्याकडे कोरमला एकच माणूस कमी होता. सभा तहकूब झाली की निधी महिनाअखेरीस परत जाणार, हा सुंदररावांचा डाव.

समोरच्या रसवंतीवर त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि रस पाजला. ऊन मी म्हणत होतं, रसात बर्फ होता आणि तो फुकटचा होता. छबुबाई गिलासामागून गिलास प्यायल्या. मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. बाजारात बायांना जायला जागाच नव्हती. होती ती फक्त नगरपंचायतीच्या इमारतीत, सभागृहाला लागून.

त्या उठल्या तसे सुंदरराव आडवे आले. कारण कळल्यावर बिचारे कावरेबावरे झाले. सभा बारगळेपर्यंत जरा दम धरा म्हणाले.

"दादा, ही दम धरायची गोष्ट न्हाई," असं म्हणत छबुबाईंनी पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

परतताना सभागृहाचं दार उघडं दिसलं. आत राजनंदिनी आणि त्यांचे सदस्य तोंडं पाडून बसले होते. छबुबाईंना आता पिसासारखं हलकं वाटत होतं, आणि ज्या विषयासाठी ही माणसं अडून बसली होती तो आठवून त्यांना हसू फुटलं. पदर तोंडात धरला तरी ते आवरेना. हसतच त्या आत गेल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि हजेरीवर सही ठोकली.

राजनंदिनींनी दबकत विचारलं, "मावशी, तुमच्या गटाचं काय?"

"ते रस पिऊ लालेत. तुमी विषय घ्या."

सूचक कोण, असं विचारल्यावर छबुबाई उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत निघाला. "मी. आन् दाराला आतून कडी पायजे. ते बी लिवा."

खबर रसवंतीवर पोचली. गटातल्या आसारामची बायको बाजारात मिरच्या विकायची. आज बाहेर राहिलो तर रात्री जेवायला मिळणार नाही म्हणत तो आत पळाला. त्याच्यामागे बाकीचे गेले. शेवटी एकटे उरलेले सुंदरराव घाम पुसत आले आणि अनुमोदन मीच देणार म्हणून हटून बसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

छबुबाई तडक बाजाराच्या मोकळ्या कोपऱ्यात गेल्या. तिथं टरबुजं विकणाऱ्या अजमतबीला त्यांनी सगळं सांगितलं. अजमतबी हसता हसता पोत्यावरच बसली. मग दोघी पावलं टाकून जागा मोजू लागल्या. अजमतबीला दार रस्त्याकडे हवं होतं. छबुबाई म्हणाल्या, रस्त्याकडे कावून? भिंतीकडे करू. गिऱ्हाईक टरबूज हातात धरून ताटकळत होतं, आणि दोघींचं दाराचं काही ठरत नव्हतं.