महेंद्रची सीट

शर्यतीचा अख्खा संघ कांद्याच्या ट्रकासारखा विकता येतो, हे कोंडीरामला ठाऊकच नव्हतं. एकाच माणसाला बसता येईल अशा गाड्यांची ती शर्यत, शहराशहरांचे संघ. नगरचा संघ मालकाने ऐन हंगामात परगावच्या शेठला विकला. शेठने गाडीवरचं ‘नगर’ खरवडून काढलं, स्वतःचा ड्रायव्हर आणला, आणि आधीचा ड्रायव्हर, कोंडीरामचा मुलगा महेंद्र, सोनईला घरी परतला. सोबत फक्त त्याची सीट. ती त्याच्याच पाठीच्या मापाने ओतलेली, दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती, म्हणून मिळाली.

पोरगं दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेलं कोंडीरामला बघवेना. एका सकाळी त्याने आपल्या टेम्पोची सीट उपटली आणि तिथे महेंद्रची बसवली.

“बस आता. तुझीच हाय.”

महेंद्र आत शिरला. पण ती सीट शर्यतीची गाडी जवळजवळ निजून चालवण्यासाठी केलेली. तो पार खाली गेला, डोकं स्टेअरिंगच्या वर येईना.

“नीट बसतीय का?” कोंडीरामने दारातून विचारलं.

“लई नीट बसतीय, आण्णा.” महेंद्र काचेतून वर बघत राहिला. “पर हितून नुसतं आभाळ दिसतंय. रस्ता न्हाई दिसत.”