न आलेला मामा

कमलबाईला मशीन कुणी शिकवलं नाही. पालमच्या बाजारात तिच्या भावाचा, व्यंकटचा, फोटो स्टुडिओ होता. परभणीतलं एक व्हिडिओ सेंटर बंद पडलं, तेव्हा व्यंकटनं तिथून दोन जुने व्ही.सी.आर., एक रंगीत टी.व्ही. आणि एक कॅमेरा उचलून आणला, लग्नांचं शूटिंग सुरू केलं आणि महिन्याच्या आत हात टेकले. शूटिंग सोपं होतं. पण तीन कॅसेटी भरून आणलेलं लग्न कापून-जोडून एका कॅसेटीत कसं बसवायचं, ते त्याला कळेना. नांदेडला एका कॉलेजात त्याचा कोर्स होता. "मी गेलो तर दुकान कोण बघंल?" व्यंकट म्हणाला. कमलबाई म्हणाली, "मग मी जाऊ का?" त्यावर तो आणि त्याची बायको दोघंही पोट धरून हसले. सातवी झालेली, नवऱ्यानं टाकलेली, पस्तिशीची बाई कॉलेजातल्या पोरांत जाऊन बसणार म्हणे.

म्हणून ती घरीच शिकली. स्वयंपाक, धुणं आणि भावजयीचे टोमणे यांतून जो वेळ उरे, त्यात लाईट असली तर. मशीनबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. त्यातली चित्रं तेवढी तिनं बघितली. एका मशीनवर लग्न चालवायचं आणि दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायचं, हे दोन दिवसांत कळलं. जोड मात्र धड येईना. कधी नवरीचा हार अर्धाच पडे, कधी पडद्यावर रंगाचे पट्टे नाचत. डोळ्यांची आग होईस्तोवर बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की थांबवण्याचं बटण सोडलं तरी मशीन लगेच उतरवायला लागत नाही. आधी जरा मागं सरकतं, बैठकीतल्या म्हाताऱ्यासारखं घसा खाकरतं आणि मग सुरू होतं. तो वेळ तिनं बोटांवर मोजला. एक, दोन, तीन. तेव्हापासून ती तीन मोजण्याइतकं आधी बटण सोडायला लागली आणि तिचे जोड दिसेनासे झाले.

नाव झालं ते दिनकररावांच्या मुलीच्या लग्नात. दिनकरराव हे पालममधलं वजनदार माणूस; भांडण कुणाचंही असो, बैठकीत त्यांची खुर्ची आधी मांडली जाई. ऐन लग्नाच्या दिवशी नामांतराच्या बंदात एस.टी. अडकल्या आणि नवरीचा मामा जिंतूरलाच राहिला. पाठीशी मामा नाही अशी पोर बोहल्यावर चढली, म्हणून दिनकररावांची बायको कॅसेट बघायलाच तयार होईना. कमलबाईनं साखरपुड्याची कॅसेट काढली. तीत मामा फेटा बांधून उभा होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता. तेवढा तुकडा तिनं अंतरपाटाच्या आधी बसवला आणि वर मंगलाष्टकांचा आवाज घातला. बघताना दिनकररावांच्या बायकोला रडू आवरेना. पुढं म्हणे खुद्द मामाच सांगायला लागला, की गर्दी लय होती, पण आपण पोचलो. त्या लग्नसराईत सगळीकडं एकच बोलणं होतं, पालमची कमलबाई न आलेलं माणूस लग्नात आणून उभं करते. कमलबाईला याचा अभिमान वाटे. लोक तिचं नाव पहिल्यांदाच कामासाठी घेत होते.

त्याआधीची नऊ वर्षं तिची ओळख एवढीच होती, की ही नांदत नाही. ताडकळसच्या सटवाजीनं, तिच्या नवऱ्यानं, मूल होत नाही म्हणून तिला एका पोळ्याला माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा न्यायला आला नाही. विचारणाऱ्याला मात्र तो सांगत राहिला, "मी आजबी तयार हाय. तीच येत न्हाई." त्यानं शेतावर एक बाई ठेवलीय, असं कानावर येई. ती कामाला हाय, असं तो म्हणे. फारकत मागितली की म्हणे, "कशाची फारकत? बायको हाय माझी." त्याला न्यायचीही नव्हती आणि सोडायचीही नव्हती. आणि एकच वाक्य माणूस नऊ वर्षं म्हणत राहिला, की ऐकणाऱ्यांना ते खरं वाटायला लागतं. हळदीकुंकवाला बायका तिच्याशी बेतानं बोलत. सांगून सांगून ती दमली आणि तिनं सांगायचं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात राणीसावरगावच्या एका लग्नाची कॅसेट आली. व्यंकटला त्या दिवशी दुसरं लग्न होतं, म्हणून शूटिंगला गंगाखेडहून माणूस लावला होता. गिऱ्हाइकाची ताकीद होती, की आहेर कापायचा नाही. टॉवेल-टोपी दिलेला प्रत्येक जण कॅसेटीत स्वतःला शोधतो. तो सापडला नाही तर पिढ्यान्‌पिढ्यांचा रुसवा. तेव्हा आहेर दीड तास. असला आहेर सबंध कुणीच बघत नाही, एडिटिंग करणारा सोडून. दुपारचं कमलबाई एका हातानं मान चोळत तो बघत होती, आणि माईकवरून आवाज आला, "ताडकळसचे सटवाजीराव, सपत्नीक!"

पडद्यावर सटवाजी होता. शेजारी हिरव्या साडीतली बाई, कडेवर लेकरू. दोघांनी जोडीनं आहेर केला आणि बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

कमलबाईनं मागं नेऊन पुन्हा बघितलं. त्या बाईचा तिला राग आला नाही. लागलं ते त्या एका शब्दानं. नऊ वर्षं हा माणूस तिला नांदत नाही म्हणून बदनाम करत होता आणि तिकडं माईकवरून पत्नीसकट पुकारला जात होता. पण आता हे दिसत होतं, ऐकूही येत होतं. तिनं व्यंकटला सांगितलं, "बैठक बोलाव. मला फारकत पायजे."

बैठक स्टुडिओतच बसली, कारण टी.व्ही. तिथं होता. दिनकरराव होते. नागनाथ मास्तर होते; लग्नाची तिथी काढण्यापासून आहेर पुकारण्यापर्यंत पंचक्रोशीत मास्तरच, आणि बैठकीतला कागदही तेच लिहीत. सटवाजी आला, पान लावून, एकदम निवांत.

कमलबाईनं कॅसेट लावली. आहेराचा तो भाग सगळ्यांनी बघितला. सटवाजीनं दारात जाऊन पानाची पिंक टाकली, परत येऊन बसला आणि म्हणाला, "दिनकरराव, एक विचारू का? तुमच्या पोरीच्या लग्नात मामा आल्ता का?"

दिनकररावांनी खाली बघितलं.

"ज्या बाईनं जिंतूरचा मामा पालमला आणला, तिला मला राणीसावरगावला न्यायला काय लागतंय?"

बैठक हसली. व्यंकटलाही हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

कमलबाई उठली. तिनं तोच भाग पुन्हा लावला. "बगा. कुटं पट्टा येत न्हाई, कुटं चित्र उडत न्हाई. जोड असता तर दिसला असता."

"तुजा जोड दिसत न्हाई म्हणूनच तर तुजं नाव हाय, बाई," दिनकरराव म्हणाले. ते वाईट मनानं म्हणाले नव्हते.

डोळे जाळून तिनं जोड लपवायची विद्या मिळवली होती, आणि आज तीच तिच्या आडवी येत होती. तिनं मास्तरांकडं वळून विचारलं, "मास्तर, आवाज तर तुमचाच हाय ना?"

"आवाज माझा हाय," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "पण बाई, दोनअडीचशे नावं पुकारली. लोक चिठ्ठी देतात, मी वाचतो. कुणाच्या शेजारी कोण हुबं हाय, हे मी कुटं बघायलोय?"

सटवाजीनं हात पसरले. "मी आजबी तयार हाय. नांदवतो. तिनं यावं."

"मग झालं तर," दिनकरराव म्हणाले. "नवरा न्यायला तयार हाय. बाईनं नांदायला जावं. फारकतीचा इषयच न्हाई."

लोक उठायला लागले. कमलबाईला वाटलं, आपण इथंच फरशीवर आडवं व्हावं. इतकी ती दमली होती. खरं काय ते सांगून दमली होती, दाखवूनही दमली होती. मशीनचा दिवा अजून जळत होता. तिनं तो बंद केला.

"बरं," ती म्हणाली. "येते."

उठणारे थांबले.

"व्यंकट, माजी ट्रंक आण. चारची ताडकळसची गाडी हाय. नवरा हाय, मी हाय. आज चूल मीच पेटवते."

सटवाजी तिच्याकडं बघत राहिला. कमलबाईनं घाई केली नाही. मशीन मागं सरकतं, घसा खाकरतं, तेवढं थांबायचं असतं. तिची बोटं पदराआड आपोआप हलली. एक. दोन. तीन.

"आज..." सटवाजी म्हणाला. "आज कसं? आज अमावस्या हाय."

नागनाथ मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मुलांचं गणित चुकल्यावर म्हणत तसं, अगदी सवयीनं म्हणाले, "अमावस्या सोमवारीच झाली."

आता कुणी हसलं नाही. दिनकरराव पुन्हा खुर्चीत बसले. "का रं सटवाजी," ते म्हणाले, "आज का न्हाई? घरात कोण हाय?"

सटवाजीनं टोपी काढली आणि तिची घडी घातली. "दोन लेकरं हायत," तो शेवटी म्हणाला. "अन् त्यांची माय."

फारकतीचा कागद मास्तरांनीच लिहिला. कमलबाईनं वाचून सही केली. सटवाजी कुणाकडं न बघता चारच्या गाडीला एकटाच गेला.

सगळे पांगल्यावर दिनकरराव दाराशी घुटमळले. "कमल," ते हळूच म्हणाले, "आमच्या कॅसेटीतला तो मामा... तो आता काढावा लागंल का?"

"राहू द्या, दादा. त्यानं कुणाचं काय वाटोळं केलंय?"

ते गेले. भावजयीनं न सांगता चहा आणून ठेवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. राणीसावरगावची कॅसेट उद्या द्यायची होती. कमलबाईनं मशीन लावलं. हिरव्या साडीतल्या बाईनं पुन्हा पदर सारखा केला. कापता आलं असतं, पण गिऱ्हाइकानं नको म्हटलं होतं आणि ती बाई खरोखरच तिथं होती. कमलबाईनं तिला जाऊ दिलं. हा दिवस आला तर आपल्याला आनंद होईल, असं तिला नऊ वर्षं वाटत आलं होतं. चहा निवत गेला, माईकवरून नावांमागून नावं येत राहिली आणि तिला नुसती झोप येत होती.