खिळ्यांच्या पेटीखाली

लकडगंजातल्या मनोहररावांच्या गोदामात माळ्याची फळी तुटली, वर चढलेला हमाल चंद्रभान खाली कोसळला आणि खिळ्यांनी भरलेली पेटी त्याच्या पाठीवर आली. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. फळी कुजली आहे, हे त्याने मालकांना पोळ्याच्या आधीच सांगितलं होतं. पण चौकशीला आलेल्या साहेबाला मनोहरराव म्हणाले, "पिऊन चढला होता."

चंद्रभान दारूला शिवत नसे. त्याची बायको भागीरथा त्याला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "लोक मले बेवडा म्हणून राहिले वं."

उन्हाळ्यात भागीरथेने त्याच गोदामात झाडझुडीचं काम मागितलं. चार लोकांत नाव होईल म्हणून मनोहररावांनी दिलं. ती खाली मान घालून झाडत राहिली. माळ्यावर नवी फळी अजून बसलेली नव्हती.

एका दुपारी मनोहरराव बिजागऱ्या शोधत माळ्याखाली आले. भागीरथा वर जाळी काढत होती. तिने खिळ्यांची एक पेटी तुटक्या फळीच्या टोकापर्यंत सरकवली. फळी करकरली, तसं त्यांनी वर पाहिलं.

"हालू नका, मालक. हालले तं सोडीन."

"डोकं फिरलं काय तुझं? उतर खाली!"

"माह्या नवऱ्यानं किती पेली होती, थे सांगा."

मागे पोत्यांची थप्पी, पुढे हातगाडी. हमाल होते तिथेच उभे राहिले. कोणी पुढे झालं नाही. त्यांच्यातला सगळ्यांत जुना रामाजी तेवढा बोलला, "सांगा ना, मालक."

"नव्हता पिऊन," मनोहरराव पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"नव्हता पिऊन! फळी सडली होती. मला माहीत होतं!"

त्यांचं धोतर ओलं झालं होतं. भागीरथेने ते डोळे भरून पाहिलं. सोडावी का? तिची बोटं पेटीवरून निघेनात. मग तिने पेटी मागे ओढली आणि खाली उतरली.

मनोहररावांनी पोलिस आणले. रामाजी हवालदाराला म्हणाला, "आम्ही तं माल उतरवून राहिलो होतो, साहेब. बाईले कोणी पाह्यलं नाही. फळीबद्दल मालक बोलले, थे मात्र साऱ्यायनं ऐकलं."

संध्याकाळी हमाल घरी आले. चंद्रभानने धोतराची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली आणि खोकला येईपर्यंत हसला.

रात्री त्याला वळवताना त्याच्या वाळलेल्या पायांना हात लागला आणि भागीरथेला वाटलं, सोडायलाच हवी होती.